विश्लेषण : लेपर्ड गेको पाळायची आहे? आधी माळावरच्या पालीशी तिचे नाते समजून घ्या!

तिसगाव (ता. पाथर्डी) : पाथर्डी तालुक्यात ‘बिबट्या’ हा शब्द आजही दबक्या आवाजात उच्चारला जातो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली, त्या आठवणी अजून ताज्या आहेत. याच भागातल्या मुलांच्या मोबाइलवर मात्र हल्ली दुसराच ‘लेपर्ड’ फिरतो आहे. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाड शेपूट आणि हसरा वाटणारा चेहरा असलेली ‘लेपर्ड गेको’ ही पाल. कुत्र्या-मांजरापेक्षा स्वस्त, भुंकत नाही, केस गळत नाहीत, कोपऱ्यातल्या काचपेटीत राहते, अशी तिची जाहिरात होते. त्यामुळे ‘आपणही एक आणू’ असा हट्ट घरोघरी सुरू होतो. कधी कधी ‘आणायची कशाला, आपल्या डोंगरात तशीच दिसते’ असेही कोणी सांगतो. हा हट्ट पुरवण्याआधी काय माहीत असायला हवे, याचा हा आढावा.

लेपर्ड गेको म्हणजे नेमकी कोणती पाल?

जगभर पाळली जाते ती ‘युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस’ या शास्त्रीय नावाची पाल. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरडा, खडकाळ प्रदेश हे तिचे मूळ घर. एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. मराठीत तिला सोयीसाठी बिबट्या पाल म्हणता येईल.

घरातल्या भिंतीवरच्या पालीपेक्षा ती बरीच वेगळी आहे. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. बिबट्या पालीला हलणाऱ्या पापण्या असतात, ती डोळे मिटून झोपते. ‘युब्लेफॅरिस’ या नावाचा अर्थच ‘चांगल्या पापण्यांची’ असा आहे. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे ती काचेवर किंवा भिंतीवर चढू शकत नाही. ती जमिनीवर चालणारी पाल आहे. दिवसा दगडाखाली किंवा बिळात दडून राहायचे आणि सांज झाली की शिकारीला बाहेर पडायचे, असा तिचा दिनक्रम असतो. पूर्ण वाढलेली पाल शेपटीसह साधारण २० ते २५ सेंटिमीटर लांब असते.

तिची जाड शेपूट म्हणजे दुष्काळासाठी भरून ठेवलेली कणगी. चांगल्या दिवसांत खाल्लेल्या अन्नाची चरबी तिथे साठते आणि उपासमारीत तीच उपयोगी पडते. संकटात ती शेपूट टाकून देते. नवी शेपूट येते, पण ती आखूड, फुगीर असते आणि पूर्वीसारखी दिसत नाही. म्हणून या पालीला शेपटीला धरून कधीही उचलायचे नसते.

आपल्या माळावर दिसते ती हीच का?

नाही, पण ती हिची सख्खी चुलत बहीण आहे. महाराष्ट्र आणि गुजरातच्या कोरड्या, खडकाळ भागांत ‘युब्लेफॅरिस फुस्कस’ ही जाती आढळते. पूर्वी तिला मॅक्युलॅरियसचीच उपजाती मानत, आता ती स्वतंत्र जाती म्हणून ओळखली जाते. भारतातल्या या कुळाची ओळख अजूनही पूर्ण झालेली नाही. सातपुड्यातील ‘युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस’ ही जाती २०१४ मध्ये, तर पूर्व घाटातील ‘युब्लेफॅरिस पिक्टस’ ही जाती २०२२ मध्ये शास्त्राला ज्ञात झाली. नगरहून करंजी घाट उतरून तिसगावकडे येताना दिसणाऱ्या गर्भगिरीच्या उघड्या टेकड्या, सुटे दगड, खुरटी झुडपे आणि बांधांवरच्या ताली म्हणजे अशा पालींना मानवणारा अधिवास.

खेड्यापाड्यांत ही पाल दिसली की बहुतेक वेळा काठीच उठते. अंगावरचे पट्टे-ठिपके, जाड शेपूट आणि घाबरल्यावर तिने उंचावलेले अंग पाहून ती विषारी असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात भारतात माणसाला विषबाधा करणारी एकही पाल नाही. विषारी म्हणून प्रसिद्ध असलेले गिला मॉन्स्टर आणि मेक्सिकन बीडेड लिझार्ड हे दोन सरडे अमेरिका खंडातले आहेत. बिबट्या पाल किडे, कोळी खाते आणि विंचवांचाही फडशा पाडते. विहिरीवर, गोठ्यात, सरपणाच्या ढिगात विंचवाची धास्ती घेऊन वावरणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती उपकारकर्तीच आहे. घराजवळ आढळली तर मारण्याऐवजी तिला वाट मोकळी करून द्यावी. ती आपोआप निघून जाते.

मग माळावरचीच पकडून पाळली तर?

हा मार्ग बंद आहे असेच समजावे. देशातील वन्य प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचे संरक्षण आहे. रानातून प्राणी पकडून घरी ठेवणे म्हणजे गुन्हा दाखल होण्याला आमंत्रण. ‘घरोघरी पोपट पाळतात, त्याला कोण विचारतो’ हा युक्तिवाद टिकत नाही. पिंजऱ्यातला आपला देशी पोपटही कायद्याने संरक्षित आहे आणि त्याला पाळणेही बेकायदाच आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी रानातली पाल घरात टिकत नाही. ती काचेला तोंड घासून जखमी होते, खाणे सोडते, अंगातले परजीवी तणावात बळावतात आणि काही आठवड्यांत शेपूट वाळत जाते. मांडुळाच्या तस्करीमागे जशा ‘कोट्यवधींच्या’ अफवा असतात, तशाच अफवा पालींच्या बाबतीतही पसरवल्या जातात. ‘अमुक लांबीची पाल इतक्या लाखांना जाते’ असा निरोप मोबाइलवर आला तर तो पुढे पाठवू नये. अशा व्यवहारात पैसे बुडतात आणि पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. वन्य प्राणी कोणी पकडला वा विकायला काढला असेल, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवता येते.

दुकानातून घेतली तर कायदा काय म्हणतो?

वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारातील प्राण्यांची यादी या दुरुस्तीने आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली. त्यानंतर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्राने अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. या यादीतील प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावरून नोंदणी करायची असते. प्राणी विकला, दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी त्याची माहिती द्यावी लागते.

लेपर्ड गेकोच्या बाबतीत एक गुंता लक्षात घ्यायला हवा. आफ्रिकेतला बॉल पायथन किंवा दक्षिण अमेरिकेतला इग्वाना उघडच परदेशी आहे. लेपर्ड गेकोच्या कुळातल्या जाती मात्र भारतातही नैसर्गिकरीत्या राहतात. त्यामुळे ‘साहेब, ही फॉरेनची आहे, हिला कागद लागत नाही’ या दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. पाल कोणाकडे, कोणत्या जोडीपासून जन्मली, याची लेखी माहिती आणि खरेदीची पावती मागावी. ती घेऊन घरी येण्याआधी आपल्या भागातील वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारणा करावी. तिसगावला वनपरिक्षेत्र कार्यालय असल्याने या भागातल्या लोकांना फार लांब जावे लागत नाही. विक्रेता कागद देत नसेल, पार्सलने पाल पाठवतो म्हणत असेल किंवा भाव अवाच्या सवा कमी सांगत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

तिचे घर कसे असावे?

एका पालीसाठी साधारण ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच पेटी पुरते. काचेची किंवा समोर काच असलेली लाकडी पेटी चालते. हवा खेळण्यासाठी जाळी हवी आणि मांजर-उंदरांपासून बचावासाठी झाकण पक्के हवे. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतात. नर-मादी एकत्र ठेवली तर मादी सतत अंडी घालून खंगते. म्हणून एका पेटीत एकच पाल ठेवावी. तिला ‘सोबत’ लागत नाही.

सरड्यांना, पालींना अंगची ऊब नसते. बाहेरच्या उष्णतेवरच त्यांचे पचन, हालचाल आणि प्रतिकारशक्ती चालते. म्हणून पेटीची एक बाजू उबदार, साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी २४ ते २६ अंश ठेवतात. पाल स्वतः ठरवते कुठे बसायचे. दडण्यासाठी किमान तीन जागा हव्यात. एक उबदार बाजूला, एक गार बाजूला आणि तिसरी ओलसर. ओलसर जागेसाठी झाकणाला भोक पाडलेला प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात भिजवून पिळलेला शेवाळ किंवा टिश्यू कागद पुरतो. कात टाकताना तिला हीच जागा लागते. कात नीट निघाली नाही तर बोटांभोवती तिचे कडे राहते, रक्त अडते आणि बोट झडते. कात टाकल्यानंतर बोटे आणि पापण्या तपासायची सवय लावून घ्यावी.

तळाला नदीची वाळू टाकू नये. दिसायला ती वाळवंटासारखी छान दिसते, पण किड्यासोबत वाळू पोटात जाऊन आतडे तुंबण्याचा धोका असतो. नवख्याने टिश्यू कागद किंवा साध्या फरशीच्या तुकड्यांवर भागवावे. फरशी ऊबही छान धरते.

नगरच्या हवामानात अडचण कोणती?

लेपर्ड गेकोच्या संगोपनाची बहुतेक माहिती थंड देशांतली आहे. तिथे सगळा भर ऊब देण्यावर असतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत प्रश्न नेमका उलटा होतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी बाहेरच्यापेक्षाही जास्त ऊन साठते. काचेच्या पेटीतली चाळिशीच्या आसपासची कोंडलेली हवा पालीच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत, शक्यतो तळमजल्यावर, खिडकीतले ऊन पडणार नाही अशी ठेवावी. उन्हाळ्यात हीटर पूर्ण बंद ठेवावा लागू शकतो. गार बाजूला ओल्या मातीच्या खापराचा आसरा दिला तर फरक पडतो. कूलरचा झोत मात्र थेट पेटीवर सोडू नये. त्याने ओल वाढते आणि तिला फुफ्फुसाचा त्रास होऊ शकतो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे याच भागात हुडहुडी भरते. तेव्हा पेटीखाली लावायची हीटिंग मॅट लागते. ती थर्मोस्टॅटशिवाय कधीही वापरू नये. नियंत्रण नसलेल्या मॅटने पालीचे पोट भाजते आणि तिला ते वेळेवर कळतही नाही. वीज गेली तर काय, याचा विचार आधीच करून ठेवावा. छोटी मॅट घरच्या इन्व्हर्टरवर चालते. तेही नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका कडेला ठेवावी आणि जाळी मोकळी सोडून वरून गोधडी टाकावी. अंगात ऊब नसताना खायला घालू नये. खाल्लेले पचत नाही, पोटात कुजते.

तिला खायला काय द्यायचे?

ही पाल पूर्णपणे मांसाहारी आहे. भाजी, फळे, भात, पोळी यातले काहीच ती खात नाही. जिवंत किडे हेच तिचे अन्न. पाळलेले रातकिडे, डुबिया जातीची झुरळे आणि मीलवर्म ही मुख्य खाद्ये. सुपरवर्म आणि मेणकिडे चरबीचे असतात, ते अधूनमधूनच द्यावेत. रेशीम अळ्याही तिला चांगल्या मानवतात. पिल्लांना रोज, तर मोठ्या पालीला दोन-तीन दिवसांनी खायला लागते. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा, हे साधे माप आहे.

घरात कोणी किड्यांची शिसारी बाळगत असेल, तर हा प्रश्न पाल आणण्याआधी मिटवावा. कारण पालीसोबत किड्यांचे डबेही घरात येतात आणि त्या किड्यांनाही गाजर, कोंडा खाऊ घालावा लागतो. किड्याच्या पोटात जे जाते तेच पालीच्या पोटात जाते.

खेड्यात एक मोह हमखास होतो. बांधावरचे नाकतोडे, तुरीवरच्या अळ्या फुकट मिळतात, मग विकत कशाला आणायचे? कपाशी, तूर, कांदा या पिकांवर वर्षभर कीटकनाशकांच्या फवारण्या सुरू असतात. फवारलेल्या रानातला नाकतोडा म्हणजे पालीसाठी विषाची गोळी. काजवे तर चुकूनही देऊ नयेत. याच जिल्ह्यात भंडारदऱ्याला जे काजवे पाहायला लोक गर्दी करतात, त्या काजव्यांच्या अंगातले रसायन सरड्या-पालींसाठी जीवघेणे ठरू शकते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट कॅल्शियमची. किड्यांमध्ये स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम फारच कमी असते. नुसत्या किड्यांवर वाढलेल्या पालीची हाडे मऊ पडतात. पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो, अंग थरथरते. पाळीव लेपर्ड गेकोंमध्ये नेहमी आढळणारा आणि सहज टाळता येणारा हा आजार आहे. त्यासाठी किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची आणि ठरावीक दिवसांनी ‘ड’ जीवनसत्त्व असलेली पूड वापरायची. प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. स्वच्छ पाण्याची उथळ वाटी पेटीत रोज हवीच.

आजारी पडली तर कोणाकडे न्यायची?

हा प्रश्न खरेदीनंतर नव्हे, आधी विचारायचा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांवर उपचार होतात. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करण्याचा अनुभव असलेले डॉक्टर बहुधा पुणे-मुंबईतच सापडतात. तिसगावहून पुण्याला एक फेरी म्हणजे अख्खा दिवस जातो. ती तयारी आहे का, हे घरात बसून ठरवावे.

गोठ्यातल्या जनावरांचे जंताचे औषध अंदाजाने देण्याचा प्रकार तर पूर्ण टाळावा. चारशे किलोंच्या गाईसाठी बनवलेल्या औषधाचा एक थेंबही साठ ग्रॅमच्या पालीला जास्त होऊ शकतो. दर आठवड्याला छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहावे. वजन घटत चालले, शेपूट बारीक होऊ लागली, विष्ठा पातळ झाली किंवा डोळे उघडेनासे झाले, तर वाट पाहू नये. ‘क्रिप्टोस्पोरिडियम’ या परजीवीची लागण झाली तर खाऊनही पाल वाळत जाते. म्हणून नवी पाल आणताच विष्ठेची तपासणी करून घेतलेली बरी.

पालीपासून माणसालाही एक धोका आहे. निरोगी दिसणाऱ्या पालीच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतो. पाल हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, तिची भांडी स्वयंपाकघरात धुवू नयेत. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि वयोवृद्धांनी तिला हाताळणे टाळावे.

रंगीत जाती का घेऊ नयेत?

बाजारात साध्या ठिपक्यांच्या पालीपेक्षा पिवळ्याधमक, नारिंगी, पांढऱ्या रंगांच्या पाली महाग विकल्या जातात. पिढ्यान्‌पिढ्या निवडक जोड्या लावून हे रंग तयार केले जातात. सगळेच रंग घातक नसतात, पण काही रंगांची किंमत पाल आयुष्यभर मोजते. ‘एनिग्मा’ या रंगाच्या अनेक पालींना तोल सांभाळता येत नाही. त्या गोल गोल फिरतात, मान वाकडी करतात, भक्ष्यावर झेप घेताना चुकतात. ‘लेमन फ्रॉस्ट’ या रंगाच्या बहुतेक पालींच्या अंगावर पांढऱ्या रंगपेशींच्या गाठी येतात. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी हा रंग आणि या गाठींचा संबंध एकाच जनुकाच्या भागाशी असल्याचे दाखवले. म्हणजे रंग हवा तर आजारही सोबत येणारच. ग्राहकांनी असे रंग मागणे थांबवले तरच त्यांची पैदास थांबेल.

घरी पैदास करण्याचा विचारही सहज करू नये. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते, पण हंगामात अनेकदा घालते. पिल्लू नर की मादी, हे अंडी उबवण्याच्या तापमानावर ठरते. २६ अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, ३२-३३ अंशांना बहुतेक नर आणि त्याहून वर पुन्हा माद्या. पाच-दहा पिल्लांसाठी तितक्याच पेट्या लागतात आणि ती द्यायची कोणाला, हा प्रश्न उरतोच.

मग पाळावी की नाही?

नीट सांभाळलेली लेपर्ड गेको १५ ते २० वर्षे जगते. आज पाचवीतल्या मुलाने हट्टाने आणलेली पाल, तो शिक्षणासाठी नगर-पुण्याला गेल्यावरही घरात असेल. तेव्हा किडे कोण आणणार, थर्मोस्टॅट कोण बघणार, मढीच्या यात्रेला किंवा लग्नकार्याला घरातले सगळे चार दिवस बाहेर गेले तर तिला कोण पाहणार? या प्रश्नांची उत्तरे घरातल्या मोठ्या माणसाने स्वतःच्या नावावर घेतली, कायद्याची खातरजमा झाली आणि डॉक्टरचा पत्ता हाताशी असला, तरच पाल घरी आणावी.

नकोशी झाली म्हणून तिला डोंगरात सोडून देणे हा पर्याय नाही. पेटीत वाढलेली पाल रानात तग धरत नाही. धरलाच तर तिच्या अंगातले रोग आपल्या मूळच्या पालींत पसरू शकतात. सांभाळणे शक्य नसेल, तर वन विभागाशी संपर्क साधून पुढे काय करायचे ते विचारावे.

मुलाचा हट्ट पुरवता आला नाही, तरी त्याचे कुतूहल मारू नये. पहिल्या पावसानंतरच्या एखाद्या रात्री, मोठ्या माणसाने सोबत राहून, पायात बूट घालून, हातात बॅटरी घेऊन शेताच्या बांधाने फेरी मारावी. बिबट्याचा वावर असेल तर मात्र रात्री बाहेर पडू नये. नशिबाने पाल दिसलीच तर चार हात दूर उभे राहून पाहावी, हवा तर फोटो काढावा आणि तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे. उलटवलेला दगड पुन्हा जसा होता तसा ठेवावा. त्याच्याखाली तिचे घर असते.